शहाण्या कुत्र्याची चंपाषष्ठी

आमचा कुत्रा घरात फक्त बाबांचं ऐकायचा. म्हणून मग मी बाबा झालो.

आवाजाने हो. बाकी बाबा व्हायला आधी नोकरी लागावी लागते, असं बाबाच म्हणतात. नकला मी लहानपणापासून करतो. देवासच्या आमच्या हिंदी शाळेत एकदा प्राचार्यांचा आवाज काढून मी वऱ्हांड्यातून सुट्टी जाहीर केली, तर दोन वर्ग खरंच दप्तरं उचलून घरी गेले होते. बाबांचा आवाज तर रोजचा रियाज. बाबा फॅक्टरीत सुपरवायझर. मशीनच्या वर आवाज चढवून चढवून त्यांचा गळाच तसा झालाय. जेवताना मीठ मागतात ते अशा आवाजात, की शेजारच्यांनी मीठ घेऊन यावं.

कुत्रा आणला धारहून. धारला माझे काका आणि काकीसाहेब राहतात. आमच्यात अजून काकीसाहेब, वहिनीसाहेब असंच म्हणतात. दरबार गेला, नोकऱ्या आल्या, पण साहेब काही सुटले नाहीत. त्यांच्या गल्लीत कुणाच्या तरी पॉमेरेनियन बाईचं गल्लीतल्याच एका गावठी भियाशी जमलं, आणि त्यातलं एक पिल्लू काकीसाहेबांनी माझ्या मांडीत टाकलं.

"नेतोस तर नीट शिकव त्याला," त्या म्हणाल्या. "अर्धवट शिकलेला एक तुमच्या घरात आहे आधीच."

पिशवीत घालून बसने आणला, आधी इंदूर, मग देवास. कंडक्टरने विचारलं, "थैले में क्या है भिया?" मी म्हटलं, "पोहे." पोहे भुंकले. कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "जीरावन ज़्यादा पड़ गया लगता है." जीरावन म्हणजे आमच्याकडचा पोह्यांवरचा मसाला.

त्याचं नाव इथे लिहीत नाही. आई हे वाचणार आहे, आणि नाव दिसलं की ती पुढचं वाचणार नाही.

शिकवायचं कसं ते मी मोबाईलवर बघून बघून शिकलो. तिथला माणूस म्हणायचा, एका कामाला एकच शब्द, एकच आवाज, एकच इशारा. आमच्या घरात बसायला सांगायची ही पद्धत: आई म्हणणार, "बैस रे माझ्या राजा, बैस, पाय दुखतील." शेजारच्या काकू म्हणणार, "सिट डाउन, सिट डाउन, गुड बॉय," तो बसलेला नसतानाच. दूधवाला म्हणणार, "बैठ ओ!" कुत्रा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि सरकारी बाबूसारखा पुढच्या टेबलाकडे बघायचा. फक्त बाबांनी "बस!" म्हटलं की लाइट गेल्यासारखा खाली बसायचा.

मग एक दिवस बाबा ड्यूटीवर असताना मी स्वयंपाकघरातून त्यांच्या आवाजात ओरडलो, "बस!" कुत्रा बसला. आईपण बसली. नंतर तिने मला लाटण्याने मारलं, पण कुत्र्याचं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

बस. थांब. घे. एवढेच शब्द. थोडा वेळ शिकवायचं, कंटाळायच्या आत सोडून द्यायचं, आणि बरोबर केलं की लगेच तोंडात पनीरचा तुकडा. उशीर झाला तर त्याला कळत नाही शाबासकी कशाची मिळाली. रस्त्यावर पट्टा ओढला की आपण खांबासारखं उभं राहायचं, तो मागे वळून बघेपर्यंत. टेकडीच्या रस्त्यावर मी असा उभा असायचो तर लोक थांबून विचारायचे, "क्यों भिया, टेम्पो का इंतज़ार है क्या?"

सगळ्यात अवघड शब्द "घे". मुठीत तुकडा धरायचा. तो नाक घासणार, चाटणार, पंजा मारणार. मूठ उघडायची नाही. त्याने हार मानून तोंड मागे घेतलं की मगच मूठ उघडायची आणि म्हणायचं, "घे." पुढे पुढे त्याच्या दोन्ही पंजांवर पोळीचा तुकडा ठेवून मी आंघोळ करून यायचो. तुकडा जागेवर असायचा. खाली लाळेचं तळं. आणि माझ्या तोंडून बाबांच्या आवाजात "घे" निघालं की एका घासात साफ. उलटंही तसंच होतं. "घे" म्हटलं की घ्यायचंच. एकदा मी गंमत म्हणून लिंबाची फोड धरली. सगळा चेहरा आकसला, डोळे मिटले, पण खाल्ली. मित्रांना तो व्हिडिओ फार आवडला. मलापण आवडला होता तेव्हा.

पावसाळ्यात त्याला किलनीचा ताप आला होता. किलनी म्हणजे गोचीड. पायाच्या बोटांत, कानाच्या आत, कुठे कुठे चिकटलेल्या. खाणं बंद, अंग तापलेलं. एबी रोडकडच्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम बसतात, त्यांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या. "ये देखो. गुलाबी है तो घर पे रखो, सफ़ेद दिखे तो सीधे मेरे पास लाओ." मी बाहेर आल्यावर हेच वाक्य त्यांच्याच आवाजात बोलून दाखवलं, तर कंपाउंडर आतून धावत आला, "जी मैडम?" महिनाभराच्या गोळ्या होत्या. तो आधीच उड्या मारायला लागला, म्हणून आईने शेवटच्या काही गोळ्या दिल्याच नाहीत. फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी ठेवून दिल्या. "कामी येतील," म्हणाली.

मग मार्गशीर्षात चंपाषष्ठी आली.

आमचं कुलदैवत खंडोबा, आणि देव धारला काकांकडे. दरवर्षी सगळ्यांनी तिथे जायचं. चातुर्मासापासून घरात कांदा, लसूण, वांगं बंद असतं, ते षष्ठीला सुटतं. वांग्याचं भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य. आणि चार महिन्यांची कसर काकीसाहेब एका दिवसात भरून काढतात. भरीत कमी, कच्चा कांदाच जास्त, वरून कांद्याची पात, लसणाची फोडणी. देवाला दाखवलं की आधी कुत्र्याने जेवायचं, कारण कुत्रा खंडोबाचा. कुत्रा जेवल्याशिवाय घरात कुणाच्या ताटाला हात नाही.

यात दरवर्षी एकच अडचण. धारच्या त्या गल्लीतल्या कुत्र्यांना षष्ठी कळत नाही. वर्षभर दारात लोळणारे त्या दिवशी नेमके गायब. सापडला तर पत्रावळ घेऊन पळतो, नाहीतर दोघं भांडतात. एका वर्षी काका सोवळं नेसून, हातात ताट घेऊन, नाल्यापर्यंत "यू, यू" करत गेले होते आणि आम्ही सगळे भुकेने भिंतीला टेकून बसलो होतो.

या वर्षी आमच्याकडे घरचा होता. शिकलेला.

काकीसाहेबांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. ताट समोर ठेवलं. बाबा हात जोडून पुढे उभे, मी त्यांच्या मागे. "बस." बसला. "थांब." थांबला. ताटातून वाफ येतेय, शेपूट जमिनीवर झाडू मारतेय, पण गडी हलत नाही. काकांची आरती संपेपर्यंत हलला नाही. येळकोट झाला. मग मी बाबांच्या मागून, बाबांच्या आवाजात म्हटलं, "घे." बाबांनी नुसते ओठ हलवले. त्यांनाही मजा येत होती, खोटं कशाला सांगू.

काकीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अगं बाई, हा तर देवाचाच आहे," त्या म्हणाल्या.

गल्लीत आमचीच भावकी. शेजारच्या दारातून एक वहिनीसाहेब बघत होत्या. "आमच्याकडे पाठवा हो याला. आमचा मेला अजून आला नाही." मग त्यांच्याकडे नेला. तिथून पलीकडच्यांनी बोलावलं. मग समोरच्यांनी. मी पुढे, पिवळ्या कपाळाचा कुत्रा मागे, आणि त्याच्या मागे बाबा, नवरदेवाच्या बापासारखे. प्रत्येक घरी रोडगा, भरीत, हात जोडलेली माणसं. प्रत्येक घरी बस, थांब, घे. लोक माझं, म्हणजे बाबांचं, कौतुक करत होते. एक आजोबा म्हणाले, "पोरांना पण अशी शिस्त लावली असतीत तर!" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "याच्यावर वेळ वाया गेला ना सगळा."

शेवटच्या घरी त्याने ताट हुंगलं आणि तोंड फिरवलं.

त्या घरात तेच आजोबा, काठीला टेकून उभे. त्यांचा चेहरा पडला. "देवाने तोंड फिरवलं रे," ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या सुनेने पदर तोंडाला लावला. कुत्रा माझ्याकडे बघत होता. पोट भरलं असेल, असं मला वाटलं. एवढंच वाटलं. मी आवाज आणखी जड केला, बाबा फॅक्टरीत काढतात तसा.

"घे!"

कान मागे गेले. त्याने मान खाली घातली आणि सगळं खाल्लं. आजोबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाले, "वाढ गं आता सगळ्यांना."

दुसऱ्या दिवशी निघताना काकीसाहेबांनी उरलेल्या भरताचा डबा बरोबर दिला. "त्याच्यासाठी आहे, तू खाऊ नकोस," असं मला बजावून. तो डबा देवासला आल्यावर आईने दह्यात कालवून दिला आणि त्यानेच संपवला.

मग तो मंदावला. आधी जिना चढेना. दारावर बेल वाजली तरी भुंकेना, नुसतं डोकं उचलायचा. आई म्हणाली, "प्रवास झालाय, दमलाय." मी त्याला खाली नेला तर लघवीचा रंग काळ्या चहासारखा. ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या.

आता आम्ही काय अडाणी थोडेच होतो! पांढऱ्या हिरड्या म्हणजे किलनीचा ताप, हे आम्हाला पाठ होतं. मी कान बघितले, बोटं बघितली, एकही किलनी सापडली नाही. "लपली असेल," बाबा म्हणाले. आईने फ्रिजमधल्या गोळ्या काढल्या. "बघ, आल्या ना कामी." पनीरमध्ये घालून दिल्या. सफेद दिखे तो सीधे मेरे पास, हे वाक्य मला मॅडमच्या आवाजासकट येत होतं. तरी गोळ्या संपेपर्यंत आम्ही वाट बघितली.

दवाखान्यात नेला तेव्हा तो उभा राहत नव्हता. मॅडमनी रक्त घेतलं, सलाइन लावलं. विचारलं, "खाने में क्या दिया?"

बाबा म्हणाले, "घर का ही, मैडम. रोटी, दही, पनीर."

"बाहर का कुछ? उल्टा-सीधा?"

"बिलकुल नहीं," मी म्हटलं. "इतना ट्रेंड है मैडम, बिना बोले तो पनीर नहीं छूता."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. मॅडम कागदाकडे बघत होत्या, मग त्याच्याकडे, मग आमच्याकडे. "किलनी वाला बुखार तो इसमें दिख नहीं रहा. इसने प्याज़ खाई है क्या?"

बाबांची छाती फुगली. खरंच फुगली, मी बघितलं. "मैडम, हमारे यहाँ तो चार महीने प्याज़ घर में घुसती नहीं है. धर्म का पालन है."

मॅडम म्हणाल्या, "लहसुन? कोई सब्ज़ी, जिसमें..."

"अहो," आई म्हणाली. तिचा हात कुत्र्याच्या कपाळावर होता, तिथे अजून थोडा पिवळा रंग होता. "अहो, षष्ठीला."

"तो प्रसाद होता," बाबा म्हणाले.

"कांदाच होता की हो त्यात."

आमच्यापैकी कुणी खोटं बोललं नव्हतं. खायला काय दिलं असं विचारल्यावर तिघांच्याही डोक्यात ते ताट आलंच नव्हतं. प्रसाद म्हणजे खाणं, असा विचार आम्ही कधी केलाच नाही. अख्ख्या गल्लीने वाढलं आणि कुणाच्याच मनात आलं नाही.

मॅडमनी सांगितलं की कांदा-लसूण, कच्चा असो की शिजलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. लगेच दिसत नाही, काही दिवसांनी दिसतं. थोड्याने कदाचित निभावलं असतं, पण हा लहान अंगाचा, त्यात पावसाळ्यात आजारी पडून गेलेला. "खून चढ़ाना पड़ेगा. इंदौर ले जाओ, मैं फ़ोन कर देती हूँ." मग बाबांचा चेहरा बघून म्हणाल्या, "बहुत लोगों को पता नहीं होता, अंकल." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडी येईपर्यंत त्या म्हणाल्या, दोन घास खातो का बघा. आईने पनीरचा तुकडा त्याच्या तोंडाजवळ धरला. त्याने बघितलंपण नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं ती काय सांगतेय. मी बाबांच्या आवाजात म्हटलं, "घे."

त्याने तुकडा तोंडात घेतला. चावला नाही, गिळला नाही. तसाच धरून माझ्याकडे बघत राहिला. सांगितलेलं काम केलं होतं त्याने. पुढचं त्याच्याकडून होत नव्हतं.

बाबा खाली फरशीवर बसले. "राहू दे रे," ते म्हणाले. एवढ्या हळू, की मला तो आवाज ओळखू आला नाही. "राहू दे, बेटा." पण "राहू दे" हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो धरूनच राहिला. शेवटी आईने बोट घालून तुकडा बाहेर काढला आणि तो पदरात बांधून घेतला.

क्षिप्रेच्या पुलाच्या अलीकडेच तो गेला. ड्रायव्हरने आरशात बघितलं आणि विचारलं, "भिया, आगे चलूँ?" बाबांनी मान हलवली, म्हणजे नाही. गाडी वळवून आम्ही माझ्या मित्राच्या शेतावर गेलो. गहू नुकता वर आला होता. बांधावर खड्डा केला.

संध्याकाळी काकीसाहेबांचा फोन आला. बाबांनी स्क्रीन बघितली आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

"काय रे, आमचा देवाचा पाहुणा कसा आहे?"

मी सांगितलं, गेला.

त्या रडायला लागल्या. "असा कसा रे गेला? काय झालं?"

"किलनीचा ताप," मी म्हटलं. "पावसाळ्यात झाला होता ना, तोच उलटला."

समोर आई उभी होती, बाबा उभे होते. दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि मला तसंच बोलू दिलं.

"जाऊ दे बाबा, आपल्या हातात काय असतं," काकीसाहेब नाक पुसत म्हणाल्या. "माझ्या हातचा प्रसाद तरी पोटभर खाऊन गेला बिचारा. तेवढं पुण्य लागलं त्याला."

मी "हो" म्हटलं. खूप वेळा म्हटलं. हो काकीसाहेब, हो, हो.

त्यानंतर ही गोष्ट आमच्या घरात कुणी काढली नाही. पण आषाढात आईने कांद्याची टोपली रिकामी केली, तेव्हा माझ्या मनात आलं, आता पुढची षष्ठी येणार. धारला परत कांदा भरून भरीत होणार. आणि गल्लीत कुत्रे आहेतच. शिकलेले नसतील, तरी भूक लागली की खाणारच.

मी फोन लावला. आधी तब्येत, पाऊस, काकांचे गुडघे, सगळं झालं. मग म्हटलं, "काकीसाहेब, डॉक्टर सांगत होत्या, कुत्र्यांना कांदा-लसूण चालत नाही म्हणे. विषासारखा असतो. यंदा त्यांच्यासाठी साधा रोडगा काढा ना, नुसता तूप लावून."

"कुठल्या डॉक्टर?"

"इथल्याच. आपल्या... त्याच्यावाल्या."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"कधी सांगितलं त्यांनी तुला?"

माझ्याकडे एवढे आवाज आहेत. बाबांचा आहे, मॅडमचा आहे, प्राचार्यांचा आहे. त्या प्रश्नाला उत्तर देईल असा एकही नव्हता. मी गप्प राहिलो, आणि गप्प राहिलो म्हणूनच त्यांना कळलं.

"मी डबापण दिला होता रे," त्या म्हणाल्या.

"काकीसाहेब, कुणालाच माहीत नव्हतं. आम्हीच..."

"बरं," त्या म्हणाल्या. "वेगळा रोडगा काढीन. गल्लीतपण सगळ्यांना सांगते."

एरवी त्या फोन ठेवण्याआधी विचारतात, कधी येतोस, काय करून ठेवू. त्या दिवशी विचारलं नाही.